आकाशातले दिवे आणि लष्कराची दप्तरे

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरचे कोणी विद्वान पाहुणे बोलावून त्यांचे व्याख्यान ठेवायचे, ही आपल्या मंडळाची जुनी पद्धत. यंदा कार्यकारिणीने ठरवले की आपल्यातल्याच एकीने बोलायचे, आणि विषय स्वयंपाक, शिवण नि मुलांचे संगोपन सोडून दुसरा घ्यायचा. चिठ्ठ्या टाकल्या, त्यांत माझे नाव निघाले. मी विषय सांगितला तेव्हा काही जणी तोंडाला पदर लावून हसल्या. आकाशात दिसणारे दिवे आणि लष्कराची दप्तरे हा विषय सातवी शिकलेल्या बाईने घ्यावा, याची त्यांना मौज वाटली असावी. मला त्याचा राग आला नाही. आज मी जे सांगणार आहे, त्यात हसण्याचा बराच संबंध येतो, तेव्हा सुरुवात ठीकच झाली म्हणायची.

हे सारे मला कुठून कळले, हेही सांगते. अमेरिकेच्या आणि इंग्लंडच्या लष्करांनी आपली जुनी दप्तरे लोकांना खुली केली आहेत. ज्याला वाचायची असतील त्याने वाचावीत. माझी मुलगी कॉलेजात जाते, तिला इंग्रजी चांगले येते. दुपारची कामे आटोपली की ती वाचायची आणि मला मराठीत सांगायची. मी शेंगा सोलता सोलता ऐकायची आणि महत्त्वाचे वाटेल ते वहीत उतरवून ठेवायची. दोन महिने आमचा हा उद्योग चालला होता. माझ्या पोराला नि घरच्या मंडळींना त्याची चांगलीच करमणूक झाली.

आता तुम्ही विचाराल, आकाशात दिवा दिसला तर त्याची नोंद लष्कराने कशाला ठेवायची? त्याचे उत्तर सोपे आहे. रात्री परसदारी खुट्ट झाले की आपण उठून कानोसा घेतोच. मांजर असेल, वाऱ्याने पत्रा हलला असेल, चोरही असेल. पाहिल्यावाचून झोप लागत नाही. लष्कराचे काम राखणीचे. आकाशात काही दिसले, तर ते शत्रूचे विमान आहे की आणखी काही, हे त्याला पाहावेच लागते. ते पाहिल्याची जी टिपणे ठेवली गेली, तीच ही दप्तरे. परग्रहावरची माणसे शोधायला ती कोणी उघडली नव्हती.

या गोष्टीची सुरुवात १९४७ साली अमेरिकेत झाली. केनेथ अर्नोल्ड नावाचे एक गृहस्थ स्वतःचे लहान विमान चालवीत होते. २४ जून रोजी माउंट रेनियर या डोंगराजवळ त्यांना नऊ चकाकत्या वस्तू फार वेगाने जाताना दिसल्या. त्या कशा जात होत्या हे सांगताना ते म्हणाले की, पाण्यावर बशी तिरपी फेकली म्हणजे ती जशी टप्पे घेत जाते, तशा. त्यांनी सांगितली ती चाल. वर्तमानपत्रांनी उचलली ती बशी. दुसऱ्या दिवसापासून देशभर 'उडत्या बशा' दिसू लागल्या. आपल्याकडे मराठीत त्यांच्या 'उडत्या तबकड्या' झाल्या. शब्द या तोंडातून त्या तोंडात जाताना काय होते, ते आपण सार्वजनिक नळावर रोजच पाहतो. तेव्हा याचे आपल्याला नवल वाटायला नको.

लोकांच्या तक्रारी येऊ लागल्या तशी अमेरिकेच्या विमानदलाने चौकशीसाठी एक शाखा उघडली. तिचे नाव दोनदा बदलले आणि १९५२ पासून 'प्रोजेक्ट ब्लू बुक', म्हणजे निळ्या वहीची योजना, हे नाव कायम झाले. ओहायो राज्यात डेटन शहराजवळ विमानदलाचा मोठा तळ आहे, तिथे तिचे कार्यालय होते. १९६९ च्या डिसेंबरात ती बंद केल्याचे जाहीर झाले. १९४७ ते १९६९ या बावीस वर्षांत तिथे १२,६१८ नोंदी झाल्या. त्यांतल्या बहुतेकांचा उलगडा झाला. कोणी शुक्राची चांदणी पाहिली होती, कोणी उल्का, कोणी हवामान खात्याचा फुगा, कोणी विमान. ७०१ नोंदींपुढे मात्र 'ओळख पटली नाही' असे लिहिलेले आहे. म्हणजे शंभरात पाच-सहा. ओळख पटली नाही याचा अर्थ परग्रहावरचे होते असा कोणी करू नये. आणि काहीच नव्हते असाही करू नये. जे लिहिले आहे तेवढेच.

या दप्तरांतल्या तीन-चार हकिगती मला फार विचार करायला लावणाऱ्या वाटल्या. त्या सांगते.

पहिली आहे दुःखाची. १९४८ सालच्या जानेवारीची ७ तारीख. केंटकी राज्यात भर दिवसा लोकांना आकाशात काही मोठे, चमकणारे दिसले. त्याच वेळी चार लढाऊ विमाने त्या बाजूने चालली होती. त्यांचे प्रमुख होते कॅप्टन थॉमस मँटेल. वय अवघे पंचवीस, पण दुसऱ्या महायुद्धातून तावूनसुलाखून आलेले. जमिनीवरून त्यांना ते काय आहे पाहण्यास सांगण्यात आले. ते वर चढत गेले. इतक्या उंचीवर श्वासासाठी प्राणवायूची नळी लागते, ती त्यांच्यापाशी नव्हती. सोबतचे वैमानिक परत फिरले. मँटेल वर जातच राहिले. बहुधा वरच त्यांची शुद्ध हरपली. विमान कोसळले आणि ते गेले.

विमानदलाने प्रथम सांगितले की त्यांना शुक्र दिसला असावा. भर दुपारी शुक्राच्या मागे विमान कोण लावील, असे लोकांना वाटले, आणि ते खरेच होते. काही वर्षांनी दप्तर पुन्हा तपासले तेव्हा अधिक पटणारा खुलासा पुढे आला. अमेरिकेचे आरमार त्या काळात 'स्कायहूक' नावाचे प्रचंड फुगे आकाशात सोडत असे. शंभर-शंभर फूट रुंदीचे, पातळ प्लॅस्टिकचे, उन्हात चांदीसारखे चमकणारे. ते काम गुप्त होते. मँटेल ज्याच्या मागे गेले, ते बहुधा असलेच एखादे फुग्याचे धूड असावे. म्हणजे पाहा भगिनींनो, एकाच देशाच्या एका खात्याने सोडलेली वस्तू दुसऱ्या खात्याला ठाऊक नव्हती, आणि त्यात एक तरणाबांड मुलगा गेला. एकत्र कुटुंबात सासूने एका डब्यात काय ठेवले हे सुनेला ठाऊक नसले तर फार तर भाजी बिघडते. लष्करात त्याची किंमत अशी मोजावी लागते.

यावर कोणी म्हणेल, माणसाच्या डोळ्यांना भास होतो, यंत्राला तर होत नाही? त्यालाही होतो. १९५२ च्या जुलैत वॉशिंग्टन शहरावर लागोपाठ दोन शनिवारी रात्री रडारच्या पडद्यावर अनोळखी ठिपके दिसले. लढाऊ विमाने धावली. सगळ्या देशात खळबळ उडाली. विमानदलाच्या सेनापतींना वार्ताहरांची सभा घेऊन खुलासा करावा लागला. तो असा की, थंड हवेवर गरम हवेचा थर बसला म्हणजे रडारच्या लहरी वाकतात आणि जमिनीवरच्या वस्तू आकाशात असल्यासारख्या दिसतात. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर लांबून पाणी साचल्यासारखे दिसते, त्याच जातीचा हा प्रकार. सर्वांनाच हा खुलासा पटला नाही, पण यंत्राने दाखवले म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नये एवढे त्यातून कळते.

दुसरी हकिगत बायकांची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. १९६६ सालच्या मार्च महिन्यात मिशिगन राज्यात काही दिवस चमत्कारिक दिवे दिसत होते. २१ तारखेच्या रात्री हिल्सडेल कॉलेजातल्या ८७ मुलींनी आपल्या वसतिगृहाच्या खिडक्यांतून जवळच्या दलदलीवर दिवे हलताना बराच वेळ पाहिले. नागरी संरक्षण खात्याचे तिथले अधिकारीही पाहायला आले होते. सत्याऐंशी जणी! आपल्या मंडळाची सभा भरली तरी इतक्या जमत नाहीत.

विमानदलाने चौकशीसाठी डॉ. हायनेक यांना पाठवले. हे खगोलशास्त्राचे प्राध्यापक, ब्लू बुकचे पुष्कळ वर्षांचे सल्लागार. चार दिवसांत त्यांना वार्ताहरांपुढे उभे केले. ते म्हणाले, दलदलीत कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून वायू निघतो, तो कधी कधी पेटतो, तसे हे असू शकेल. आपल्याकडची जुनी माणसे ज्याला आग्यावेताळ म्हणत, तेच. त्यांनी 'असू शकेल' म्हटले, पण छापून आले ते 'आहे' असे. मग काय विचारता! देशभर थट्टा सुरू झाली. व्यंगचित्रे निघाली. प्राध्यापकांना हसले, विमानदलाला हसले, आणि ज्या मुलींनी पाहिले त्यांनाही हसले.

पण मिशिगनच्या लोकांना ते झोंबले. तिथले लोकसभेचे सभासद जेराल्ड फोर्ड, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, त्यांनी मागणी केली की आमच्या लोकांनी पाहिलेल्या गोष्टीची अशी बोळवण चालणार नाही, नीट चौकशी करा. एप्रिलमध्ये लोकसभेच्या समितीपुढे सुनावणी झाली. पुढे कोलोराडो विद्यापीठाकडे हे काम सोपवले गेले. डॉ. काँडन या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञांच्या हाताखाली दोन वर्षे अभ्यास चालला आणि १९६९ च्या आरंभी जाडजूड अहवाल प्रसिद्ध झाला. या अभ्यासातून विज्ञानाच्या हाती नवे काही लागण्याची आशा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि त्यावरूनच ब्लू बुक बंद झाले.

डॉ. हायनेक यांना मात्र तो निष्कर्ष पटला नाही. आरंभी तेही या साऱ्याला खुळ समजत. वर्षानुवर्षे शेतकरी, पोलीस, वैमानिक, गृहिणी यांच्याशी बोलून त्यांचे मत बदलले. ही माणसे खोटे बोलत नाहीत, त्यांनी पाहिले त्याचा अर्थ लागत नसेल, पण त्यांना हसून कामाचे नाही, असे ते म्हणू लागले. १९७३ साली त्यांनी या विषयासाठी स्वतःची संस्था काढली. त्यांची सगळी मते बरोबर होती असे मी म्हणत नाही. तेवढी माझी योग्यता नाही. पण विद्वान म्हणून नावाजलेला माणूस साध्या लोकांचे ऐकून घ्यायला शिकला, हे मला मोठे वाटते.

तिसरी हकिगत इंग्लंडमधली, १९८० च्या नाताळातली. सफोक परगण्यात रेंडलशॅम नावाचे जंगल आहे. त्याच्या कडेला अमेरिकी विमानदलाचा तळ होता. पहाटे तीनच्या सुमारास पहारेकऱ्यांना जंगलात दिवे उतरल्यासारखे दिसले. दोन रात्रींनी तळाचे उपप्रमुख लेफ्टनंट कर्नल हॉल्ट स्वतः काही माणसे घेऊन जंगलात गेले. त्यांनाही झाडांतून लुकलुकणारा प्रकाश दिसला. त्यांनी बरोबर लहान ध्वनिमुद्रक नेला होता, त्यात ते जागच्या जागी बोलत गेले. हे त्यांनी उत्तम केले. पण लेखी टिपण केले ते १३ जानेवारीला, म्हणजे दोन आठवडे उलटून गेल्यावर. आणि त्यात तारखा एकेक दिवसाने चुकल्या. सव्वीसची सत्तावीस झाली.

एवढ्याशा चुकीने काय बिघडते, असे आपल्याला वाटेल. बिघडले ते असे की, चुकीच्या रात्रीचा शोध घेतला तर बरोबर रात्रीचे काहीच हाती लागत नाही. पुढे एका खगोललेखकाने तिथल्या पोलिसांच्या नोंदवहीवरून खरी तारीख पक्की केली. ती २६ डिसेंबर. तारीख नीट लागताच कळले की, त्याच पहाटे तीनच्या आत-बाहेर दक्षिण इंग्लंडवर एक फार तेजस्वी उल्का पडताना पुष्कळांनी पाहिली होती. शिवाय पोलिसांच्या नोंदीत लिहिले होते की, आम्हांला तिथे दिसला तो दीपगृहाचाच दिवा. जंगलापलीकडे किनाऱ्यावर ऑर्फर्डनेसचे दीपगृह होते. त्याचा झोत दर पाच सेकंदांनी फिरे. कर्नलसाहेबांच्या ध्वनिमुद्रणातही प्रकाश दिसल्याच्या आरोळ्यांत तेवढेच अंतर पडते, असे तपासणाऱ्यांनी दाखवून दिले. तिथे हजर असलेल्यांपैकी काहींनी हा खुलासा मान्य केला नाही, आणि तो वाद पुष्कळ वर्षे चालला. मी त्यात पडत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, घाईत का होईना, पण त्याच रात्री पोलिसाने लिहिलेली एक ओळ, मागाहून सावकाश लिहिलेल्या टिपणापेक्षा उपयोगी ठरली.

इंग्लंडच्या संरक्षण खात्याने २००९ च्या अखेरीस अशा नोंदी घेणे थांबवले. त्या शेवटच्या वर्षी नोंदी फार वाढल्या होत्या. त्याला एक कारण असे झाले की, लग्नसमारंभांत कागदाचे उडते आकाशकंदील सोडण्याची तिकडे टूम निघाली होती. लोकांच्या मांडवातली हौस लष्कराच्या दप्तरात जाऊन बसली!

आता आपल्या देशाकडे येते. आपल्या मंडळातल्या दोघी भगिनींची मुले लष्करात आहेत. त्यांनी हे विशेष लक्ष देऊन ऐकावे.

२०१२ सालच्या ऑगस्टपासून लडाखमध्ये चीनच्या सरहद्दीवरच्या आपल्या जवानांना रात्री पिवळसर तेजाचे गोळे दिसू लागले. क्षितिजावरून, चीनच्या बाजूने वर यायचे, तासन् तास हळूहळू सरकायचे आणि दिसेनासे व्हायचे. पँगाँग सरोवराचा तो भाग. चौदा हजार फूट उंची. हाडे गोठवणारी थंडी. समोर शत्रूचा मुलूख. शत्रूने टेहळणीसाठी बिनमाणसाची विमाने पाठवली असावीत, अशी शंका येणे अगदी साहजिक होते. पण जवानांनी गोळी झाडली नाही, आणि 'काही नसेल' म्हणून डोळेझाकही केली नाही. त्यांनी लिहून ठेवले. फेब्रुवारी २०१३ पर्यंत अशा ३२९ नोंदी झाल्या. त्यांपैकी १५५ वेळा ती वस्तू सरहद्द ओलांडून आल्याचे लिहिले होते.

मग बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांची मदत घेतली. या संस्थेची वेधशाळा लडाखमध्येच हानले इथे आहे. एक वस्तू संध्याकाळी सहाच्या सुमारास दिसू लागे ती पहाटे पाचपर्यंत. दुसरी पहाटे चारला उगवे आणि सकाळी अकरापर्यंत दिसे. या वेळा नि आकाशातल्या जागा ग्रहांच्या गतीशी ताडून पाहिल्या आणि कोडे सुटले. पहिली वस्तू होती गुरू. दुसरी शुक्र. चीन आपल्या सरहद्दीच्या पूर्वेला, आणि ग्रह उगवणार तेही पूर्वेलाच! तिथली हवा विरळ आणि निर्मळ, त्यामुळे आपल्या गावात दिसतात त्याहून ते कितीतरी तेजस्वी दिसत होते.

२०१३ च्या जुलैत ही हकिगत वर्तमानपत्रांत आली तेव्हा परदेशांत आणि आपल्याकडेही लोक हसले. गुरू-शुक्राला हेर समजले म्हणाले. मला हे हसणे आवडले नाही. त्याच वर्षी एप्रिल-मे महिन्यांत चिनी सैनिक लडाखमध्ये आत येऊन तंबू ठोकून तीन आठवडे बसले होते. अशा दिवसांत ज्याला रात्रभर पहारा करायचा आहे, त्याने प्रत्येक दिव्याकडे संशयाने पाहायलाच हवे. आणि कोडे सुटले ते कशामुळे? त्याने गारठलेल्या बोटांनी वेळ लिहून ठेवली म्हणून. तो नुसता 'काहीतरी दिसले' म्हणाला असता, तर जगातला कोणताही शास्त्रज्ञ त्याला गुरू-शुक्र सांगू शकला नसता.

दिव्याची ओळख चुकली तर किती अनर्थ होऊ शकतो, याचे एक उदाहरण देते. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री रशियात मॉस्कोजवळच्या एका ठाण्यावर पेट्रोव्ह नावाचे लष्करी अधिकारी कामावर होते. अमेरिकेने अण्वस्त्रे सोडली आहेत, आधी एक, मग आणखी, अशी पाच, असे यंत्राने दाखवले. घंटा वाजू लागल्या. पेट्रोव्ह यांनी विचार केला की हल्ला करायचा तर कोणी पाचच अस्त्रांनी करील काय? त्यांनी वरिष्ठांना कळवले की ही यंत्राची चूक आहे. आणि ती चूकच होती. उंचावरच्या ढगांवरून चमकलेले ऊन उपग्रहाने अस्त्रांची आग समजले होते. ढगांवरचे ऊन, भगिनींनो! त्यावरून जग जळायचे राहिले. याच पेट्रोव्ह यांना मागाहून ठपका बसला, तो त्या वेळी नोंदवही लिहिली नाही म्हणून. एका हातात टेलिफोन नि दुसऱ्यात बोलण्याचे दुसरे यंत्र, मग लिहू कशाने, असे ते म्हणत. दप्तराचे महत्त्व मी सांगते आहे खरी, पण दप्तराच्याही आधी डोके शांत असावे लागते, हे या हकिगतीवरून ध्यानात ठेवू या.

आता अगदी आपल्या दारातली गोष्ट. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आकाशातून जळत्या रेघा सरकत गेल्या, त्या आपल्यातल्या कित्येकींना आठवत असतील. विदर्भात, खानदेशात, पार मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी त्या पाहिल्या. आपल्या आळीत एकजण म्हणाला विमान पेटले, दुसरा म्हणाला अस्त्र सोडले, तिसऱ्याने नव्या वर्षाचा अपशकुन ठरवून टाकला. पलीकडच्या वाड्यातल्या आजी अंगणातून सांगत होत्या की, एक नव्हे, बऱ्याच रेघा होत्या, एकमेकींच्या मागून सावकाश चालल्या होत्या आणि आवाज मुळीच नव्हता. त्यांना घरच्यांनी सांगितले, "आजी, तुम्हांला डोळ्यांना दिसत नाही, आत चला."

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी धातूचे एक भले मोठे कडे पडलेले सापडले, जवळजवळ तीन मीटर रुंदीचे. जवळच्या भागात धातूचे गोळेही सापडले. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. जाणकारांचे म्हणणे पडले की, एका चिनी अग्निबाणाचा वापरून झालेला भाग पृथ्वीवर परत येताना जळत तुटला, त्याचे हे तुकडे. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. आता आजींचे शब्द पाहा. बऱ्याच रेघा, एकामागून एक, सावकाश आणि आवाजावाचून. अग्निबाणाचा भाग वर उंचावर तुटताना अगदी असाच दिसतो. उल्का झटकन जाते. ज्यांना दिसत नाही म्हणून आत नेले, त्यांनीच सर्वांत नीट पाहिले होते.

म्हणून हा विषय मला आपल्या मंडळाचा वाटला. बाईने काही पाहिले म्हणून सांगितले, तर पहिले उत्तर मिळते, "तुला भास झाला असेल." गॅसचा वास आला म्हटले तरी हेच, मुलाचे डोळे पिवळे दिसतात म्हटले तरी हेच. नुसते तोंडी बोलणे उडवून लावणे सोपे असते. तारीख, वेळ नि दिशा लिहिलेला कागद तितका सहज उडवता येत नाही. अमेरिकेच्या आरमारातल्या वैमानिकांचीही हीच अडचण होती. आपल्याला वेडे ठरवतील या भीतीने ते गप्प बसत. २०२१ साली तिथल्या सरकारने अहवाल काढला, त्यात या भीतीचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या अहवालात १४४ नोंदी होत्या आणि खात्रीने उलगडा झाला तो फक्त एकीचा. तो होता हवा जात चाललेला एक मोठा फुगा. बाकीच्या नोंदींपुढे, माहिती पुरेशी नाही, असे त्यांनी प्रांजळपणे लिहिले. २०२४ साली आणखी एक अहवाल निघाला. परग्रहावरून काही आल्याचा पुरावा आढळला नाही, असे त्यात म्हटले आहे.

माझी आपल्यापुढे एक सूचना आहे. मंडळाच्या खोलीत, हजेरीपटाशेजारी, एक वही टांगून ठेवू या. आकाशात काही नवल दिसले तर त्यात लिहायचे. घड्याळ पाहून वेळ, तारीख, दिशा. किती उंचावर होते, तर हात लांब करून मूठ धरावी आणि क्षितिजापासून किती मुठी ते मोजावे. एक मूठ म्हणजे अदमासे दहा अंश. किती वेळ दिसले, कसे सरकले, आवाज होता का, आणखी कोणी पाहिले. हे सारे शेजारणीशी बोलण्याच्या आधी लिहावे, कारण बोलले की तिचे पाहणे आपल्या पाहण्यात मिसळते. मोत्यांच्या सरासारखे दिवे एका ओळीत चाललेले दिसले, तर घाबरू नये. स्टारलिंक नावाचे उपग्रह सोडल्यावर काही दिवस तसे दिसतात. तेही लिहावेच.

वहीत शेवटचा रकाना 'काय होते' असा आखावा. खात्री नसेल तर तो कोरा ठेवावा. तिथे देव, भूत, शत्रू किंवा परग्रहवासी यांपैकी काहीही भरून टाकण्याची आपल्याला फार घाई असते. १२,६१८ पैकी ७०१ रकाने एका बलाढ्य राष्ट्राच्या विमानदलानेही तसे सोडले. आपण एखाददुसरा सोडला तर काही कमीपणा येत नाही. आणि आपल्यापैकी कोणी लिहायला आली तर तिला हसू नये, एवढी हात जोडून विनंती आहे.

ज्या भगिनींची मुले सरहद्दीवर आहेत, त्यांनी मुलांना पत्र पाठवताना किंवा फोनवर बोलताना माझा आशीर्वाद कळवावा. रात्री जागून ते जे लिहितात, त्याच्या भरवशावर आपण इथे झोपतो.



जय हिंद.